पत्त्याच्या रकान्यात आम्ही काय लिहायचं? टीएसए आणि सीबीपीला खुलं पत्र

प्रीचेक आणि ग्लोबल एन्ट्रीचं काम बघणाऱ्या सगळ्या अधिकाऱ्यांना नमस्कार,

थेट मुद्द्यावर येते. टीएसएचं (विमानतळावरची सुरक्षा बघणारं अमेरिकन खातं) प्रीचेक, म्हणजे आधीच चौकशी झालेल्यांना सुरक्षा तपासणीची सोपी रांग, आणि सीबीपीची (सीमा आणि कस्टम्स बघणारं खातं) ग्लोबल एन्ट्री, म्हणजे परदेशातून येताना इमिग्रेशनमधून झटपट वाट, या तुमच्या दोन्ही योजना चांगल्या आहेत, तपासणी ढिली करा असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. मागणं एकच आहे, की ज्यांचं घर चाकांवर आहे आणि बारा महिने चाकांवरच असतं त्यांनी "तुम्ही कुठे राहता" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं आणि पुरावा म्हणून कोणते कागद आणायचे, हे तुम्ही कुठेतरी स्पष्ट लिहून ठेवा. आज ते लिहिलेलं नाही, आणि नाही म्हणून सरळमार्गी माणसंसुद्धा अर्ज भरताना घाबरतात.

मी आणि माझा नवरा, दोघंही मूळचे सातारा जिल्ह्यातले. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली, मुलगी शिकून नोकरीला लागली, मग न्यू जर्सीतलं घर विकलं आणि आता आम्ही पूर्णवेळ आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतो, पुढे पिकअप ट्रक आणि मागे ट्रेलर. दोघांचंही काम लॅपटॉपवरचं. हे सुट्टीतलं फिरणं नाहीये, आम्हाला परत जायला दुसरं घर कुठेही नाही, हेच घर. नवरा अमेरिकन सिटिझन आहे, मी अजून भारतीय पासपोर्टवर, ग्रीन कार्डवाली. हेच पत्र इंग्रजीत तुमच्याकडे पाठवलंय, इथे मराठीत लिहितेय कारण आपल्या लोकांमध्येही आता रिटायर झालेली किंवा रिमोट काम करणारी जोडपी या वाटेला लागलीयत आणि त्यातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी हाच प्रश्न येतो.

रस्त्यावर राहणाऱ्यांना विमानतळाशी काय घेणंदेणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तर आमची आई साताऱ्यात आहे, वय झालंय. फोन आला की ट्रेलर जिथे असेल तिथे कॅम्पग्राउंडवाल्याच्या भरवशावर लावायचा आणि जवळ जो विमानतळ असेल तो गाठायचा, कधी साउथ डकोटातलं रॅपिड सिटी, कधी ॲरिझोनातलं यूमा नाहीतर फीनिक्स, कधी मोंटानातलं बोझमन. ज्यांचा नेहमीचा एक विमानतळ असतो त्यांना कुठल्या वेळी किती रांग असते, गाडी कुठे लावायची हे पाठ असतं, आम्हाला दर वेळी सगळं नवीन. त्यात दोघांचे लॅपटॉप, हार्ड डिस्क, इंटरनेटचा राउटर हे सगळं बरोबर घ्यावं लागतं, कारण उन्हाळ्यात बंद ट्रेलर आतून इतका तापतो की बॅटरीवाली वस्तू आत ठेवून जायची हिंमत होत नाही. साध्या रांगेत हे एकेक बाहेर काढून ट्रेमध्ये मांडायचं, परत भरायचं, मागचे लोक खोळंबलेले. बूट काढायचं तुम्ही जुलै २०२५ पासून सगळ्यांसाठीच बंद केलंत ते फार बरं झालं, पण लॅपटॉप आणि लिक्विडची पिशवी बॅगेतच ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी अजून प्रीचेकवाल्यांनाच आहे. म्हणून आमच्यासारख्यांना प्रीचेक ही चैन वाटत नाही, घाईच्या आणि काळजीच्या प्रवासात तेवढाच एक आधार असतो.

आणि प्रीचेकबद्दल मला मनापासून चांगलंच बोलायचंय. २०११ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली, २०१३ च्या शेवटी अर्ज करणाऱ्यांसाठी खुली झालेली ही योजना, २०२४ पर्यंत दोन कोटींच्या वर मेंबर. अर्ज ऑनलाइन पाच मिनिटांत, मग दहा मिनिटांची एक भेट, त्यात बोटांचे ठसे, फोटो, कागदपत्रं, आणि ही भेट देशातल्या कुठल्याही सेंटरवर घेता येते, तुम्ही ज्या स्टेटचे त्याच स्टेटमध्ये जा असं काही नाही. नोन ट्रॅव्हलर नंबर, म्हणजे तिकिटात टाकायचा मेंबरचा नंबर, येतो तो ईमेलवर, पोस्टाने काही यायची वाट बघावी लागत नाही. फिरणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय असणार. तुमच्यासाठी नोंदणी करणारी एक कंपनी तर चक्क आरव्ही घेऊन ठिकठिकाणी नोंदणीचे कॅम्प लावते. म्हणजे तुमचं ऑफिस चाकांवरून लोकांपर्यंत पोचू शकतं हे तुम्हाला पटलेलं आहे, तेवढंच पुढे एक पाऊल टाका, चाकांवर राहणारा अर्जदारही असू शकतो हे फॉर्मच्या सूचनांमध्ये येऊ द्या.

खरी अडचण ग्लोबल एन्ट्रीची. भारतात जाऊन येणाऱ्याला तीच घ्यावीशी वाटते, कारण १२० डॉलरमध्ये पाच वर्षं इमिग्रेशनची रांगही टळते आणि प्रीचेकही त्यातच मिळतं. शिवाय जे आपले लोक एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहेत त्यांना प्रीचेकचा सरळ अर्ज करताच येत नाही, तो फक्त सिटिझन, यूएस नॅशनल आणि ग्रीन कार्डवाल्यांना, पण भारतीय नागरिकांना २०१७ पासून ग्लोबल एन्ट्री खुली आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी दार ते एकच. आणि या अर्जात मागच्या पाच वर्षांचे राहण्याचे सगळे पत्ते मागितले जातात, कधीपासून कधीपर्यंत, मध्ये एकही खंड न ठेवता.

आता आमचं वर्ष कसं जातं ते सांगते म्हणजे कळेल. हिवाळ्यात आम्ही ॲरिझोनात क्वार्टझसाइटच्या आसपास असतो, तिथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (सरकारी मोकळ्या जमिनी सांभाळणारं खातं) जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत परमिट काढून राहता येतं, मोकळं वाळवंट, नळ नाही, वीज नाही, घर नंबर तर नाहीच नाही. बाकीच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर साधारण चौदा दिवसांची मर्यादा, नॅशनल पार्कांच्या कॅम्पग्राउंडमध्येही बहुतेक तेवढीच, म्हणजे सरकारच आम्हाला सांगतं की दोन आठवडे झाले, आता उठा. आणि सरकारचंच दुसरं खातं विचारतं की पाच वर्षं कुठे राहिलात ते ओळीने लिहा. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत हे मला कळतं, जमिनीची नासधूस होऊ नये म्हणून पहिला आणि माणसाची नीट चौकशी व्हावी म्हणून दुसरा, पण दोन्ही एकाच माणसाला लागू होतात तेव्हा त्याने काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नाही.

पूर्णवेळ फिरणारे लोक यासाठी जे करतात ते काही लपूनछपून नाही. कायद्याच्या हिशोबाने एखादं स्टेट आपलं मानायचं, त्याला डोमिसाइल म्हणतात, त्यात साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा ही तीन स्टेट्स जास्त चालतात. साउथ डकोटात एक रात्र हॉटेलात किंवा कॅम्पग्राउंडवर राहिल्याची वर्षाच्या आतली पावती आणि रहिवासाचं प्रतिज्ञापत्र दिलं की ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, ते फॉर्म त्या स्टेटनेच काढलेत. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन गावात एस्केपीज नावाच्या आरव्ही क्लबचं मुख्य ठाणं आहे, १९७८ पासूनचा क्लब, त्यांच्याकडे हजारो लोकांची टपालं येतात आणि ते पुढे जिथे माणूस असेल तिथे पाठवतात. असा खासगी टपालपेटीचा पत्ता घेतानासुद्धा पोस्टाचा १५८३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, दोन ओळखपत्रं दाखवून. लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, टॅक्स, सगळं त्याच पत्त्यावर. कुणाला आम्हाला शोधायचं असेल तर आम्ही सापडतो, रोज सापडतो, फोनवर सापडतो, ईमेलवर सापडतो आणि टपालही थोडं उशिरा का होईना पोचतं.

पण हा पत्ता राहण्याचा पत्ता म्हणून लिहायचा का? तिथे आम्ही झोपत नाही हे तुम्हालाही माहितीये आणि आम्हालाही. मुलीचा पत्ता लिहिला तर तिथे आम्ही राहत नाही, तर ते सरळ खोटं. रकाना सोडून दिला तर अर्ज अपुरा. आणि तुमच्याच पात्रतेच्या नियमांत लिहिलंय की अर्जात खोटी किंवा अपुरी माहिती दिली तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, भरलेली फी परत मिळत नाही ती वेगळीच. म्हणजे जो माणूस खरं बोलायला बसलाय त्याच्या हातात तीन पर्याय आहेत आणि तिन्हींत धोका आहे, आणि माझं या पत्रातलं मुख्य म्हणणं हेच आहे. पुढे मुलाखतीला जाताना राहण्याचा पुरावा आणायला सांगता, उदाहरणं देता ती ड्रायव्हिंग लायसन्स, घराच्या कर्जाचं स्टेटमेंट, भाड्याची पावती, लाइटबिल अशी. आमच्याकडे लायसन्स सोडून त्यातलं काहीच नसतं, सोलर पॅनलचं लाइटबिल कोण देणार. मग सगळं समोरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर जातं. कुणाला आरव्हीचं जगणं माहिती असतं आणि तो दोन प्रश्न विचारून पुढे सरकतो, कुणाला माहिती नसतं. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाहीये, त्यांच्या हातात लिखित सूचना नसेल तर त्यांनी तरी कशाच्या जोरावर हो म्हणायचं.

दुसऱ्या सरकारी नियमांत या माणसासाठी जागा केलेली आहे, म्हणून तर मी हे मागतेय. २००१ च्या पॅट्रियट ॲक्टनंतर बँकांना खातेदाराची ओळख पटवायचे कडक नियम लागू झाले, आणि त्या कडक नियमातही लिहिलंय की ज्याला स्वतःचा राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता नाही त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा किंवा संपर्कातल्या दुसऱ्या माणसाचा पत्ता चालेल. दहशतवादाचा पैसा रोखायला केलेल्या नियमात हे बसतं, मग ग्लोबल एन्ट्रीत का बसू नये? मतदार नोंदणीचा जो राष्ट्रीय टपाल फॉर्म आहे त्यात तर एक चौकोन मोकळा ठेवलाय, पत्ता नसेल तर जवळचे रस्ते काढा आणि आपण जिथे राहतो तिथे फुली मारा. मला तो चौकोन फार आवडतो. मतासारख्या मोठ्या हक्कासाठी सरकार असं म्हणू शकतं की पत्ता नसेल तर नसू दे, जागा दाखव.

इथे मला आमच्या महाराष्ट्राचं थोडं सांगायचंय, कारण पत्ता नसलेल्या माणसाकडे संशयाने बघायची सवय किती खोल जाते हे आम्ही घरच्या मातीत बघितलंय. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे आमच्याकडच्या कितीतरी फिरस्त्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा गेला १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला अजूनही विमुक्त दिन पाळतात. पण कायदा गेला तरी रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेतला प्रवेश, प्रत्येक ठिकाणी रहिवासाचा पुरावा आण म्हणून त्या माणसांना परत पाठवलं गेलं, सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात भटक्या विमुक्तांचं हे सगळं मांडलंय. त्यांचं आणि आमचं दुःख एक नाही, तशी बरोबरी मी करूच शकत नाही, आम्ही हौसेने आणि हातात पैसे असताना रस्त्यावर आलो, त्यांच्यावर ते लादलं गेलं. पण प्रशासनाच्या पातळीवर प्रश्न तोच उभा राहतो, माणूस ओळखायचा तो घरावरून की माणसावरून. आधार कार्ड आलं तेव्हा ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांच्यासाठी परिचयदात्याची सोय ठेवली, म्हणजे ठरवून नेमलेला एक माणूस सांगतो की हो, मी याला ओळखतो, आणि नोंदणी होते. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या असतील, पण विचार बरोबर होता.

आणि तुम्ही तर माणसावरूनच ओळखता! बोटांचे ठसे घेता, एफबीआयकडून गुन्ह्यांची नोंद तपासता, पासपोर्ट तपासता, समोर बसवून प्रश्न विचारता, आणि मेंबर झाल्यावरही नावं सतत तपासत राहता. हे सगळं झाल्यावर आम्ही मागच्या मार्चमध्ये कुठल्या वाळवंटात होतो यातून सुरक्षेची कितीशी भर पडते, आणि पडत असेलच तर आम्ही ते सांगायला तयार आहोत, कॅम्पग्राउंडच्या पावत्या आहेत, परमिटं आहेत, डिझेलची बिलं आहेत. एखाद्या अपार्टमेंटमध्ये पाच वर्षं राहणाऱ्या माणसापेक्षा आमच्या राहण्याचा कागदोपत्री माग जास्तच निघेल, फक्त तो कुठल्या रकान्यात भरायचा ते सांगा.

माझ्यासारख्या ग्रीन कार्डवाल्यांची अजून एक गोष्ट आहे. पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ नावाचा फॉर्म भरून कळवायचं हा कायदा आहे. ते काम यूएससीआयएसचं, म्हणजे ग्रीन कार्ड-सिटिझनशिपचे अर्ज बघणाऱ्या ऑफिसचं, तुमचं नाही, पण होमलँड सिक्युरिटी खातं तेच. त्या फॉर्ममध्ये राहण्याचा पत्ता वेगळा आणि टपालाचा वेगळा असे दोन भाग आहेत. दर दोन आठवड्यांनी मुक्काम हलवणाऱ्याने काय दर मुक्कामाला हा फॉर्म भरायचा, आणि भरला तर ते सगळे पत्ते ग्लोबल एन्ट्रीच्या पाच वर्षांच्या यादीतही यायला हवेत का, नाही आले तर दोन सरकारी नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत असा अर्थ निघेल का? सिटिझन असलेल्या माझ्या नवऱ्याला ही काळजी नाही, मला आहे, आणि सध्याच्या दिवसांत तर ग्रीन कार्डवाल्या प्रत्येकाला कागदात एवढीशी तफावत राहिली तरी झोप लागत नाही.

तर नेमकं मागणं असं. पाच वर्षांच्या यादीत "पूर्णवेळ प्रवासात" असा एक पर्याय द्या, त्याखाली डोमिसाइलचा पत्ता आणि साधारण कुठल्या महिन्यात कुठल्या स्टेटमध्ये होतो एवढं लिहायला जागा द्या. पुराव्यांच्या उदाहरणांत डोमिसाइल स्टेटचं लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन आणि कॅम्पग्राउंडच्या पावत्या हे तीन शब्द घाला. मुलाखत घेणाऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये एक परिच्छेद घाला. नवीन कायदा नको, सगळी सिस्टिम बदलायला नको. मुलाखतीच्या बाबतीत परदेशातून येताना विमानतळावरच ती उरकायची सोय तुम्ही केलीच आहे, ती आमच्यासारख्यांना फारच उपयोगी पडते, मुंबईहून येताना अबूधाबीला प्रीक्लीअरन्समध्येच (विमानात बसायच्या आधीच होणारी अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी) जमतं कुणाला, ती कृपा करून चालू ठेवा आणि आणखी विमानतळांवर न्या.

आता हे वाचणाऱ्या आपल्या लोकांसाठी थोडं. नियम येईपर्यंत आपण काय करायचं तर एक वही नाहीतर एक्सेल शीट ठेवा, मुक्काम, तारीख, पावतीचा फोटो, रोजच्या रोज. लायसन्स, टपाल आणि अर्ज यांवरचा डोमिसाइलचा पत्ता अक्षरशः एकसारखा लिहा, पेटीच्या नंबरासकट. मुलाखतीत विचारलं तर आम्ही आरव्हीत राहतो हे पहिल्या वाक्यात सांगून टाका, लपवू नका. नावाचं बघा, आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्येच चिकटलेलं असतं, इथे ते मिडल नेम होतं, आणि तिकिटावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळलं नाही की बोर्डिंग पासवर प्रीचेक उमटतच नाही, मग लोक म्हणतात पैसे फुकट गेले. पाठीवरची सॅक कॅम्पवरची असेल तर ती आदल्या रात्री पूर्ण रिकामी करा, त्यात चाकू, मल्टीटूल राहिलेले असतात, आणि बेअर स्प्रे तर केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनलाही नाही. भारतातून येताना लोणचं, मसाले, कढीपत्ता, जे काही आणाल ते डिक्लेअर करा, ग्लोबल एन्ट्री असताना खाण्याची वस्तू लपवली तर दंड तर होऊ शकतोच, मेंबरशिपही जाऊ शकते, आणि आईने बांधून दिलेल्या पुड्यासाठी ते व्हायला नको. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) आहे त्यांनी भारताची एफटीआय-टीटीपी ही ग्लोबल एन्ट्रीसारखी योजनापण बघून ठेवा, २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली, जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे, तिकडच्या रांगेत वेळ वाचतो. आणि ग्लोबल एन्ट्री संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येते, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका, वेटिंग मोठं असतं.

अजून एक. अमेरिकेत सरकारी फॉर्मना साधारण दर तीन वर्षांनी नव्याने मंजुरी घ्यावी लागते, त्याआधी फेडरल रजिस्टरमध्ये (इथलं सरकारी राजपत्र) नोटीस निघते आणि लोकांना आधी ६० आणि मग ३० दिवस म्हणणं मांडायला मिळतं, सिटिझन असण्याची अट नाही. ग्लोबल एन्ट्रीच्या फॉर्मची पुढची नोटीस निघाली की मी वरचे तीन मुद्दे तिथे इंग्रजीत टाकणार आहे. जे जे पूर्णवेळ रस्त्यावर राहतात त्यांनी आपापल्या शब्दांत, आपल्या पावत्यांचा आणि मुक्कामांचा दाखला देऊन लिहावं, माझा मजकूर कॉपी करू नका, वेगवेगळ्या माणसांचं वेगवेगळं म्हणणं तिथे जायला हवं. अधिकारी मंडळींनो, त्या नोटिशीची वाट न बघता पुराव्यांच्या यादीतले तेवढे तीन शब्द आजही घालता आले तर घाला.

आपली,
पूर्णवेळ आरव्हीत राहणारी एक सातारकर